बेळगावच्या शहापूर भागातलं फिजिओ सेंटर: पायासाठी गेले, डोक्याचं पण बघितलं (चार स्टार)

चार स्टार देतेय, एक का कापला ते शेवटी सांगते.

माझा शिवणकामाचा धंदा. पावसात गाडी घसरून उजवा घोटा मोडला, प्लेट-स्क्रू बसवले आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. ऑपरेशन जिथं झालं तिथं हाडाचं काम नीट केलं, पण बाई झोप लागते काय, रडू येतंय काय असं कुणी एकदा पण विचारलं नाही. इकडं गौरी-गणपतीची ब्लाउजं अंगावर आणि मी खाटेवर, गिऱ्हाईक कापडाची पिशवी उचलून दुसऱ्या टेलरकडं गेलं की जो राग यायचा तो सगळा सासूबाईंवर आणि पोरावर, चहात साखर कमी पडली तरी भांडण. विसर्जनादिवशी घरचे सगळे कपिलेश्वर तलावाकडं गेले, मी उशीवर पाय ठेवून ढोल ऐकत बसले, ते तर बोलायलाच नको.

इथल्या मॅडम घरी कानडी बोलतात पण मराठी आपल्यासारखंच. पहिल्या दिवशी घोट्याला हात लावायच्या आधी विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायलीय?" मी म्हटलं परत मोडायची. मग एक्सरे उजेडाला धरून दाखवला, "हाड जुळलंय, हे बघा की." म्हणे भीतीनं पाय हलवायचा नाही, हलवला नाही की सांधा आखडतो, आखडलेला सांधा हलवला की जास्त दुखतो आणि भीती आणखी वाढते, हे चक्र हाडापेक्षा जास्त दिवस घेतं. हलवायच्या या भीतीला किनेसिओफोबिया म्हणतात आणि ती मोजायला टॅम्पा स्केल म्हणून १७ प्रश्न आहेत, ते त्यांनी मराठीत वाचून वाचून विचारले. माझा आकडा बराच वर निघाला. निघणारच की.

दुखण्याला ० ते १० मार्क द्यायचे. व्यायामात थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलं तर घाबरायचं नाही, संध्याकाळची सूज पण कितीतरी महिने राहते. पण पोटरी एकदम सुजून गरम झाली, दम लागला, तर फिजिओ नाही, सरळ दवाखाना. एवढं कळल्यावरच निम्मी धास्ती गेली बघा.

सगळ्यात आवडलं ते पायडलचं. म्हणाल्या घरी मशीनवर बसा, सुईत दोरा नको, कापड नको, नुसतं पाच मिनिटं पायडल मारा. पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा तळहाताला घाम, पट्टी अर्धीच खाली गेली आणि चाक उलटं फिरलं, पण तो खडखड आवाज घरात परत आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. तोवर हुक-काज, हातशिलाई बसून करायची, काम एकदम बंद केलं की डोकं खातंय म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. रागाचं पण सांगितलं, आला की घरच्यांना तोंडानं सांगून टाका, राग पायाचा आहे, तुमचा नाही. मी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "होय की गं, मला काय कळत नाही काय."

दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागेना असं असलं तर नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात आणि मानसोपचार डॉक्टरांकडं पाठवतात, स्वतः त्यात पडत नाहीत, हे मला पटलं. भिंतीवर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायचा, १४४१६ नंबर लावलाय, सरकारी आहे, फुकट, २४ तास, २०२२ पासून चालू.

आता कापलेला स्टार. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वॉकरवाल्यानं चढायचं कसं? व्यायामाचा कागद इंग्लिशमध्ये, पोराकडनं वाचून घ्यावा लागला. आणि दोन खाटांच्या मधे नुसता पडदा, पलीकडं आपलंच गिऱ्हाईक पडलेलं असलं तर मनातलं कसं बोलणार हो? संध्याकाळी तर जाऊच नका, सकाळी अकरानंतर जावा, मोकळं असतंय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा एकाच बाजूला आहे, सोबत कुणाला तरी न्या.