टेम्पोची चलानं, व्हर्च्युअल कोर्ट आणि लोकअदालत: एका हंगामाच्या वापरानंतर

घरच्या गाड्यांचे कागद गेल्या दिवाळीपासून मी बघते. दोन छोटे हत्ती, एक पिकअप आणि सासऱ्यांची जुनी स्कूटर. माल नारायणगावहून पुण्याला मार्केट यार्डात आणि वाशीला जातो. पुण्याच्या एका खेपेत गाडी पुणे ग्रामीण, पिंपरी-चिंचवड आणि पुणे शहर अशा तीन पोलिसांच्या हद्दींतून जाते. आधी हे सगळं एजंट करायचा. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) जवळ आलं की तो एक आकडा सांगायचा आणि आम्ही द्यायचो. कशाचे किती, हे विचारायची घरात पद्धतच नव्हती.

आता स्वतः करून बघितल्यावर माझं मत असं झालंय: चलान शोधणं सोपं आहे, भरणं त्याहून सोपं, पण "हे चलान आमचं नाही" हे पटवून देणं अजूनही जिकिरीचं आहे. शोधण्यापुरते पाचपैकी चार तारे देईन, तक्रारीला दोन.

नव्याने हे काम हातात घेणाऱ्याने आधी एक समजून घ्यावं. एका गाडीची सगळी चलानं एका जागी नसतात. राज्याच्या वाहतूक पोलिसांनी केलेलं चलान महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा त्यांच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसतं. तिथे गाडी क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. आरटीओचं रस्त्यावर गाड्या तपासणारं वायुवेग पथक किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे २०२४ मध्ये सुरू झालेले आयटीएमएसचे (वाहतुकीवर आपोआप नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे) कॅमेरे, यांची चलानं बघायला केंद्राच्या परिवहन संकेतस्थळाच्या ई-चलान पानावर जायचं, आणि तिथे शेवटचे पाच आकडे. मी दोन्ही नंबर आरसीच्या झेरॉक्सवर मार्करने लिहून ठेवलेत. आमच्या पिकअपवर पोलिसांच्या यादीत काहीही नव्हतं. सगळे खूश. परिवहनवर बघितलं तर घाटातल्या वेगाचं चलान तिथे आरामात बसलेलं.

हे चलान आम्हाला का कळलं नाही, त्याचं कारण शोधताना दुसरीच गोष्ट सापडली. आरसीच्या नोंदीत मोबाइल नंबर एजंटचा होता. एसएमएस, ओटीपी, सगळं त्याच्याकडे. बऱ्याच गाड्यांच्या नोंदीत शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा नंबर पडलेला असतो. परिवहनच्या वाहन सेवांमध्ये आधारच्या आधारे तो बदलता येतो. बाकी काही नाही केलंत तरी हे आजच करा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या नंबरावरच्या ओटीपीवर अडते.

चलानाच्या पानावर मी सगळ्यात आधी फोटो उघडते. रक्कम नंतर. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याच्या नोटिशीत नंबरप्लेट दिसेल असा फोटो, दिनांक, वेळ, जागा, मोडलेलं कलम आणि यंत्राने मोजलेला वेग असावा, आणि ती गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी, असं तो सांगतो. हा नियम माहीत असला की तक्रार लिहायला मुद्दा मिळतो. नाहीतर आपण "साहेब, आमची गाडी तिकडे नव्हती हो" एवढंच लिहितो.

आमचंच उदाहरण. ज्या शहरात आमची गाडी कधी गेलीच नाही, तिथलं नो पार्किंगचं चलान एका छोट्या हत्तीवर आलं. फोटोत पांढरा टेम्पो, ताडपत्री आमच्यासारखीच निळी. ड्रायव्हरचा चेहरा उतरला, कारण पैसे पगारातून जातात हा सगळीकडचा रिवाज. फोटो मोठा करून पाहिला तर प्लेटवरच्या 'बी'चा 'डी' वाचला गेला होता. पहिल्या तक्रारीत मी सरळ हकिकत लिहिली, ती काही कारण न देता बंद झाली. मग पुन्हा लिहिताना तीन गोष्टी जोडल्या: प्लेटचा मोठा केलेला फोटो, आरसी, आणि त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट, ज्यात गाडी चाळकवाडीच्या टोलनाक्यावर असल्याची वेळेसकट नोंद होती. चलान रद्द झालं. रद्द झाल्याचा निरोप मात्र कुणी दिला नाही. मीच रोज बघत होते म्हणून कळलं. मालवाहतूक करणाऱ्यांनी फास्टॅगची स्टेटमेंटं दर महिन्याला उतरवून ठेवावीत. गाडी कुठे होती हे सांगणारा तेवढा बिनपगारी साक्षीदार दुसरा नाही.

तेव्हापासून घरात ठरवलंय, फोटो दाखवल्याशिवाय ड्रायव्हरच्या पगाराला हात लावायचा नाही. कोणत्या दिवशी कोणती गाडी कुणाकडे होती, याची वहीही ठेवते. चलान मालकाच्या नावावर येतं, आणि गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. आठवणीवर सांगायला गेलं तर भलत्याचंच नाव जातं.

आता कोर्टाचा भाग, ज्याला लोक उगाच घाबरतात. त्याच कायद्याच्या कलम २०० खाली विभाग (पोलिस किंवा आरटीओ) जे घेतो ते तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची रक्कम. ते न भरता चलान पडून राहिलं तर ते व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, कोर्टाकडे जाऊ शकतं. मग विभागाच्या पानावर पैसे भरायचं बटण दिसेनासं होतं आणि माणूस गोंधळतो: भरलं गेलं की बुडालं? घाटातलं चलान असंच गायब झालं होतं. ते वीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इनवर सापडलं. महाराष्ट्रातलं वाहतुकीचं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट नागपुरातून २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालं. तिथे जायचं नाही, वकील लागत नाही. राज्याचा विभाग निवडायचा, आणि मोबाइल नंबर, चलान किंवा गाडी क्रमांक, नाव, नाहीतर सीएनआर (कोर्टातल्या प्रकरणाचा क्रमांक) यांपैकी काहीही टाकून शोधायचं. प्रस्तावित दंड समोर येतो आणि दोन वाटा दिसतात: दंड भरतो, किंवा केस लढवतो. या सगळ्या भानगडीत मला सर्वांत नेटकं वाटलेलं पान हेच.

फक्त "लढवतो" हे बटण रागाच्या भरात दाबू नका. ते दाबलं की प्रकरण ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथल्या नेहमीच्या कोर्टात जातं. नारायणगावच्या माणसाला जुन्नरचं कोर्ट जवळचं, पण चलान वाशीचं असेल तर तारखेला तिकडेच जावं लागणार. एका खेपेचं भाडं बुडवून पाचशे रुपयांसाठी भांडायचं का, हा हिशेब आधी करावा. पिकअपच्या वेगाचा आकडा आणि फोटो दोन्ही स्पष्ट होते, ड्रायव्हरनेही मान्य केलं, म्हणून आम्ही भरून टाकलं. पावती जपून ठेवा. कोर्टाकडे निकाली निघालेलं प्रकरण विभागाच्या पानावर आणखी काही दिवस थकीतच दिसतं, आणि तेव्हा ती पावतीच कामाला येते.

नेहमीच्या कोर्टात गेलेलं प्रकरण ई-कोर्ट्स ॲपवर मिळतं. सोळा अक्षरं-आकड्यांचा सीएनआर हाताशी असेल तर क्षणात. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा, आणि इथे चिकाटी हवी. सासऱ्यांच्या स्कूटरची जुनी केस मला त्यांच्या नावाच्या नेहमीच्या स्पेलिंगने सापडली नाही. आडनावात एक जादा 'ए' टाकल्यावर सापडली. आत पुढची तारीख आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) दिसतो, तो वाचावा. कागदाची प्रत हवी असेल तर कोर्टात नकलेचा अर्ज द्यावाच लागतो, ॲपवरची प्रिंट प्रमाणित नक्कल म्हणून चालत नाही.

लोकअदालतीबद्दल ऐकीव गोष्टी फार. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते, २०२५ मध्ये ती मार्च, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये झाली. तिथे तडजोड होते, सुनावणी नाही. चूक आपली आहे, रक्कम जास्त साठली आहे, तर जरूर जा. सूट मिळेल की नाही आणि किती, ते त्या-त्या वेळी ठरतं, "सरसकट निम्मं" हे गृहीत धरून जाऊ नका. चलान चुकीचं आहे असं म्हणणं असेल तर ही जागा नव्हे, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. स्कूटरची केस आम्ही तिथेच मिटवली. रांग लांब होती, काम मात्र टेबलापाशी पोचल्यावर चटकन झालं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी महाट्रॅफिक, परिवहन आणि व्हर्च्युअल कोर्ट या तिन्ही जागी तो नंबर टाकून बघावा, आणि ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावाने. चलान गाडीच्या नंबरावर असतं, मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या झाल्या म्हणून ते विकणाऱ्याबरोबर जात नाही. आमच्या शेजाऱ्यांनी एक टेम्पो असाच पाहिला होता. थकबाकीची यादी बघून मालकाने किंमत स्वतःहून उतरवली.

आणि व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, कोणीही पाठवलेली असो. सरकारी विभाग अशी फाइल पाठवून दंड मागत नाही. आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ती एकाच्या हॅक झालेल्या नंबरावरून सगळ्यांना गेली होती. शंका आली तर संदेशातल्या दुव्यावर न जाता गव्ह डॉट इनवर संपणारा पत्ता स्वतः टाइप करून चलान बघायचं.

राहिला टेम्पो स्टँडवरचा आवडता सिद्धांत: सहा महिने झाले की चलान मरतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये आहे. वकिलाला कोर्टात हा मुद्दा घेता येतो. पण पोर्टलवरची थकबाकी त्यामुळे आपोआप पुसली जात नाही, आणि पासिंग किंवा गाडी नावावर करायच्या वेळी तीच यादी पुढे येऊन काम अडू शकतं. आमच्या दुसऱ्या छोट्या हत्तीवर अशी दोन जुनी चलानं आहेत. पासिंग पुढच्या महिन्यात आहे, म्हणून ती मी वाद न घालता भरणार आहे.