वाफेतले शिसे-बिस्मथचे थेंब: तारेची जाळी की नागमोडी पत्रे?

टोकियोत आराखडा झालेल्या, वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या एका अणुभट्टीत उष्णता वाहून नेणाऱ्या वितळलेल्या शिसे-बिस्मथ मिश्रधातूत पाणी थेट सोडतात. सुमारे 7 मेगापास्कल दाबाची वाफ वर येताना धातूचे बारीक थेंब घेऊन येते. ते टर्बाइनपर्यंत जाऊ देता येत नाहीत: पाती झिजतात, शिवाय बिस्मथपासून झालेलं किरणोत्सारी पोलोनियम-210 सोबत जातं. म्हणून वाफेच्या वाटेत थेंब पकडायला एकतर विणलेल्या तारेच्या जाळीची गादी लावतात, नाहीतर वाफेला वळणं घ्यायला लावणारे नागमोडी पत्रे.

बारीक थेंब पकडण्यात जाळी सरस. 0.28 मिमी तारेची, 100-150 मिमी जाड गादी पाण्याचे 3-5 मायक्रॉनचे थेंबही धरते. पत्रे साधारण 10 मायक्रॉनपासून. पण शिसे-बिस्मथ पाण्याच्या दहापट जड. वळणावर जड थेंब वाफेबरोबर वळत नाही, तो पत्र्यावर आपटतो, म्हणून पत्र्यांना पकडता येणाऱ्या सर्वांत लहान थेंबाची मर्यादा जवळपास एक-तृतीयांशावर येते. पाण्याचे आकडे जसेच्या तसे वापरले तर पत्र्यांवर अन्यायच होतो.

टिकाऊपणात जाळी मार खाते. स्टेनलेस स्टीलमधलं निकेल या धातूत विरघळतं. 2 मिमी पत्र्याला झीज सोसते, तारेला नाही. त्यात शिशाचं ऑक्साइड घन होऊन जाळीच्या छिद्रांत बसतं, वाफेचा दाब घटतो, आणि किरणोत्सारी गादी बदलणं हे मोठंच काम.

पकडलेल्या धातूचा निचरा दोन्हीकडे जपावा लागतो. धातू 125 अंशांना गोठतो, म्हणून परतीच्या नळीला हीटर हवाच.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या भट्टीला पत्रे घ्या, निकेल नसलेल्या क्रोमियम स्टीलचे. थोड्या तासांच्या प्रयोगात, सूक्ष्म थेंब मोजायचे असतील, तर पत्र्यांनंतर जाळी लावा.