रेडिएटर लीकच्या नावाखाली 15,000 ची टोपी, जुनी गाडी घेऊन हायवेला जाणाऱ्यांनी वाचा

15,000 रुपये. 9,000 रोख आणि 6,000 स्कॅन करून. वर 150 रुपये "सोडले" त्या हायवेवरच्या मेकॅनिकने, म्हणे चहाचे धरा साहेब. ते 150 आठवले की आजही डोकं फिरतं.

गाडी 2009 ची वॅगनआर पेट्रोल, माझ्याच हातची, घासूनपुसून ठेवलेली. पुण्याहून साताऱ्याला साखरपुड्याला चाललो होतो, आई, बायको, मागे मानपानाच्या पिशव्या. खंबाटकी घाट चढताना एसी चालू होता त्यामुळे तापमानाचा काटा जरा मध्याच्या वर सरकला, एवढं जुन्या गाडीत मे महिन्यात होतंच. घाट संपल्यावर एका टपरीपाशी चहाला थांबलो, दहा मिनिटं गाडीकडे पाठ. परत येतो तर एक पोरगं, "ओ काका, गाडीखाली बघा की, पाणी चाललंय सगळं." वाकून बघितलं तर खरंच पुढच्या बंपरखाली हिरव्या पाण्याचं थारोळं, चांगलं बादलीभर वाटावं असं.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे, हा प्रकार काही नवीन नाही. पोराच्या "दाजींचं" गॅरेज शंभर पावलांवर. टायरमधली हवा दाखवणारे, इंजिनाखाली ऑइल ओतणारे, सगळे ह्याच जातकुळीतले. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आई उन्हात, मुहूर्त साडेबाराचा, आणि विम्याबरोबर जी रोडसाइड मदत घेतली होती (दरवर्षी पैसे भरतो त्याचे) तिथे फोन लावला तर आधी गाणं, मग "लोकेशन शेअर करा", मग "दोन ते तीन तास लागतील सर". दोन ते तीन तास! अशा वेळी जो समोर पाना घेऊन उभा आहे त्याच्याकडेच माणूस जाणार ना. घरबसल्या "मी असतो तर गेलो नसतो" म्हणणाऱ्यांनी आधी सत्तरीची आई घेऊन तिथे उभं राहून दाखवावं.

आता नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. दाजींनी बॉनेट उघडलं, झाकणावर ओलं गोणपाट टाकलं आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेचा असा फवारा उडाला की आई किंचाळली, माझ्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे. "बघा साहेब, प्रेशर कसं मारतंय, हेड गॅस्केट जायच्या बेतात हाय, असंच न्याल तर इंजिन शिजंल बघा, मग हेड काढा, फेसिंग करा, वीस हजाराला बसाल." अरे पण गरम गाडीचं झाकण उघडलं की कुठल्याही गाडीत हेच होणार! चांगलं झाकण साधारण 0.9 बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभरला उकळत नाही, 115 च्या पुढे जातं, आणि दाब एकदम सोडला की उकळ्या फुटून बाहेर येतं. शाळेतलं विज्ञान. त्यात हेड गॅस्केटचं (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) काही नाही. पण वाफ बघितली की माणसाची मती गुंग होते, आणि त्यांना तेच हवं असतं.

आणि रंग. माझ्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला भरतात ते रंगीत पाणी, गुलाबी होतं. मीच आणलेलं, मीच उभं राहून भरून घेतलेलं. गाडीखालचं पाणी हिरवं. शर्टावर गुलाबी शिंतोडे, पायाखाली हिरवं थारोळं, एकाच वेळी, दोन फुटांच्या अंतरात, आणि मी मात्र घड्याळ बघतोय. रात्री बायकोने शर्ट भिजवायला घेतला आणि म्हणाली हे गुलाबी कसले डाग, तेव्हा लख्ख प्रकाश पडला. तोवर पैसे गेले होते. ह्या एका गोष्टीने मला झोप नाही लागली, 15,000 पेक्षा जास्त ह्याने. तरी सांगतो, तिथे विश्वास बसायला कारण होतं, बाजूच्या बाटलीतलं कूलंट गेले काही महिने थोडं थोडं कमी होत होतं, मी वरून भरत होतो. म्हणजे कुठेतरी गळती आहे हे डोक्यात आधीच होतं. त्याने फक्त त्यावर बोट ठेवलं.

मग हिशोब. रेडिएटर "नवा" 6,800. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, 2,400. होस पाईप 750. फ्लशिंग 900. कूलंट 1,800. मजुरी 2,500. झाले 15,150. बिल मागितलं तर डायरीच्या पानावर आकडे लिहून दिले, ना नाव ना शिक्का. "पक्कं बिल पायजे तर 18 टक्के जीएसटी पडंल." स्कॅनरवर नाव वेगळ्याच कुणाचं तरी, एका बाईचं. जुना रेडिएटर परत द्या म्हटलं तर "तो भंगारात टाकला की साहेब". अर्ध्या तासात भंगारात? आईला घाई होती म्हणून मी वाद घातला नाही.

गंमत म्हणजे पुढे गाडी इतकी थंड चालली की मी खूश. काटा वर येतच नव्हता. साखरपुड्यात चार जणांना सांगितलंसुद्धा, बरं झालं वेळेत लक्षात आलं. ते आठवून आता लाज वाटते.

थोड्या दिवसांनी पार्किंगमध्ये परत पाणी. पुण्यातल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने रेडिएटर बाहेर काढून नखाने खरवडला, काळा स्प्रे पेंट निघाला, खाली जुनी मळकी जाळी, आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे अॅल्युमिनियमच्या कोअरला दाबून बसवलेली असते तिथे पांढरट सुकलेले ओघळ. कुणाच्या तरी गाडीतला काढलेला माल, धुऊन रंगवून माझ्या गाडीत. वॉटर बॉडीला हातही लावला नव्हता, बोल्टवरचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची खूण नाही. 2,400 हवेत! थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला होता, म्हणून काटा वर येत नव्हता. गाडी थंड चालतेय म्हणजे बरी आहे असं नसतं, इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलंच नाही तर पेट्रोल जास्त पितं आणि झीजही वाढते. आणि 1,800 चं कूलंट? हिरवा रंग घातलेलं नळाचं पाणी. बोटांत चोळलं तर खऱ्या कूलंटचा बुळबुळीतपणा नाही, गॅरेजवाल्याने मीटरवर थेंब टाकला तर सरळ पाण्याचं रीडिंग.

मग मुळात बाटली कशाने उतरत होती? झाकण. रेडिएटरचं झाकण माझंच जुनं परत लावलं होतं त्यांनी, आणि त्याचं रबर कडक होऊन चिरलेलं. 280 रुपयांचं झाकण. बहुतेक माझ्या रेडिएटरला काहीही झालेलं नव्हतं, आणि तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात 6,800 ला बांधला असणार.

पुण्यातला खर्च: रेडिएटर 3,900, झाकण 280, थर्मोस्टॅट 650, कूलंट 1,100, मजुरी 1,200. एकूण 7,130. म्हणजे 280 च्या कामाला 22,130.

गाडीखाली पाणी दिसलं तर आधी बोट लावून वास घ्या, रंग बघा, स्वतःच्या बाटलीतल्या रंगाशी ताडून बघा. एसीचंही पाणी पडतं, ते बिनरंगी असतं. काटा मध्यात असेल आणि बाटलीत पाणी असेल तर कुणाचंही ऐकू नका, गाडी काढा, पाच-सात किलोमीटर जाऊन परत थांबा आणि बघा. गरम असताना झाकण उघडू देऊ नका, कुणालाच.

आता पोलिसांचं ऐका. घराजवळच्या चौकीत गेलो, "घटना कुठे घडली? तिकडे जा." म्हटलं झिरो एफआयआर असते ना, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, तर साहेब हसले, म्हणाले बरंच वाचलंय तुम्ही. रजा टाकून तिकडे गेलो. तिथे पहिला प्रश्न, टपरी रस्त्याच्या कुठल्या अंगाला? ती आमची हद्द नाही. हद्दीवाल्यांकडे गेलो तर "हे दिवाणी स्वरूपाचं आहे, बिल दाखवा." अहो बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! "काम केलंय ना त्यांनी गाडीचं? मग फसवणूक कशी?" म्हटलं 420. तर म्हणे आता 420 नाही राहिलं, नव्या कायद्यात 318 झालं. एवढी कायद्याची माहिती आहे पण लिहून घ्यायला हात उठत नाही. शेवटी अर्ज देऊन जा म्हणाले, अर्ज दिला, पोचपावतीचा शिक्का ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले, ते आले साडेचारला. वर "तुम्ही शिकलेली माणसं असून..." हे वाक्य. शिकलेल्या माणसाला फसवलं तर गुन्हा होत नाही का? त्या हायवेवरच्या गॅरेजवाल्याला एक फोन तरी करायचा, नाही. बँकेत विचारलं तर पिन तुम्हीच टाकलाय, विषय संपला. 1930 हा हेल्पलाइन नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे, असल्या प्रकरणात तिथे वेळ घालवू नका.

ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाने, पावती ठेवा, कायद्यात तशी सोय आहे. आणि रोख देऊच नका, माझे 9,000 दिले ह्याला आता काहीच पुरावा नाही. जुना पार्ट डिकीत टाकल्याशिवाय पैसे काढू नका, भंगारात गेला म्हणाले की समजा.

जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. पुराव्यात यूपीआयचा स्क्रीनशॉट, डायरीचं ते पान, रंगवलेला रेडिएटर (बाल्कनीत ठेवलाय, आई रोज विचारते हे कधी जाणार) आणि माझ्या गॅरेजवाल्याने लिहून दिलेला कागद, की वॉटर बॉडी बदललेली नाही. तो आधी तयार नव्हता, धंद्यातल्या माणसाविरुद्ध कशाला लिहू म्हणे. बायको स्वतः जाऊन बसली त्याच्या दुकानात, तेव्हा सही शिक्क्यासकट दिला.