सी-स्टेट बंद करायचे की चालू ठेवायचे? बूस्ट मिळत नसेल तर आधी हे वाचा

"प्रोसेसरवर ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय, पण माझ्याकडे आकडा ४.७ च्या वर सरकतच नाही." या तक्रारीवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सगळे सी-स्टेट, म्हणजे काम नसलेल्या कोअरच्या झोपेच्या पायऱ्या, बंद करून टाका. कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) झोपलाच नाही तर कायम पूर्ण वेगात राहील, असा त्यामागचा हिशेब. ऐकायला तो पटतो. पण बऱ्याच प्रोसेसरवर या उपायाने बूस्ट, म्हणजे गरजेच्या वेळी मिळणारा वाढीव वेग, वाढायच्या ऐवजी घटतो.

कारण टर्बोच्या (बूस्टचंच दुसरं नाव) मोजणीत आहे. इंटेलचा कोअर आय७-२६००के घ्या. एकच कोअर जागा असेल तर ३.८, दोन असतील तर ३.७, तीन असतील तर ३.६ आणि चारही जागे असतील तर ३.५ गिगाहर्ट्झ, अशी त्याची मर्यादा ठरलेली आहे. आता 'जागा' कोण? सी-स्टेटचा आकडा जितका मोठा, तितकी झोप खोल. सी१ मध्ये नुसता थांबलेला कोअरसुद्धा जागाच धरला जातो. सी३ किंवा सी६ पर्यंत खोल गेलेला कोअरच मोजणीतून वगळला जातो. सी-स्टेट बंद केले की चारही कोअर कायमचे जागे ठरतात आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ३.५ वर अडकता. एएमडीच्या एफएक्स-८१५० चंही तेच होतं. सगळे कोअर कामात असताना ३.९ पर्यंत, पण ४.२ हवे असतील तर निम्मे कोअर सी६ मध्ये जायलाच हवेत.

सुरुवातीची तक्रार आता पुन्हा बघा. इंटेलचा आय९-९९००के एक-दोन कोअरवर ५.० देतो आणि सगळ्यांवर ४.७. त्यावर ४.७ च दिसत असेल तर पहिला संशय हाच घ्यायचा, की बाकीचे कोअर झोपत नाहीयेत. एकतर सी-स्टेट आधीच कुणीतरी बंद केलेत, नाहीतर मागे चालू असलेलं काहीतरी त्यांना सारखं उठवतंय. वेग दाखवणारं सॉफ्टवेअरही त्यात येतं, कारण मोजण्यासाठी ते प्रत्येक कोअरला जागं करतं. त्याचा रीफ्रेशचा वेळ वाढवून बघा. काही मदरबोर्ड मात्र स्वतःहूनच सगळ्या कोअरना एक-कोअरचा वेग देऊन टाकतात. तिथे सी-स्टेट बंद करून बूस्ट घटणार नाही, पण मिळणारही काही नाही. उष्णता आणि वीजबिल मात्र वाढेल.

एएमडीच्या रायझनची गोष्ट वेगळी आहे. तिथे जाग्या कोअरचा असा ठरीव तक्ता नसतो. तापमान, करंट आणि वीज यांच्या मर्यादेत जेवढी जागा उरेल तेवढा बूस्ट मिळतो. एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) ६५ वॉटच्या चिपला सॉकेटची मर्यादा ८८ वॉट असते आणि १०५ वॉटच्या चिपला १४२. झोपलेल्या कोअरने वाचवलेली वीज आणि उष्णता धावणाऱ्या कोअरच्या कामी येते, म्हणून इथेही झोप उपयोगाचीच. आणि कधीकधी दोष सेटिंगचा नसतोच. २०१९ मध्ये रायझन ३००० च्या चिपा लिहिलेल्या बूस्टपेक्षा थोड्या कमी पडत होत्या. सप्टेंबरमध्ये एएमडीने फर्मवेअरमधली (बायोससोबत येणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) चूक मान्य करून अपडेट दिला आणि २५ ते ५० मेगाहर्ट्झचा फरक पडला. त्या काळात सी-स्टेटशी झटापट करणाऱ्यांचे तास वाया गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग बंद करणं योग्य कधी? मशीन रिकामं असतानाच गोठत असेल तर. २०१३ च्या इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरने सी६-सी७ मध्ये पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टच्या दुसऱ्या रेलवरचा (वीजवाहिनीवरचा) किमान भार ०.०५ अँपिअरवर आणला आणि काही जुन्या पॉवर सप्लायना तो सांभाळता येईना. पहिल्या पिढीच्या रायझनवर लिनक्स चालवणाऱ्या अनेकांची मशीनं अशीच रिकाम्या वेळी अडकायची. पण तिथेही सगळं बंद करायची गरज नसते. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असेल तर 'टिपिकल करंट आयडल' निवडा. बऱ्याच जणांचं दुखणं तेवढ्यानेच थांबलं.

दुसरं खरं कारण म्हणजे आवाजाचं रेकॉर्डिंग, जिथे उठायला लागणारा वेळ महत्त्वाचा असतो. लिनक्सच्या ड्रायव्हरमधल्या, इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरच्या तक्त्यात सी१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद धरलेत, सी६ मधून ८५ आणि सी१० मधून ८९०. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण १,३३३ मायक्रोसेकंद. त्यातले ८९० उठण्यातच गेले तर आवाज तुटणारच, पण ८५ सहज खपतात. तेव्हा मर्यादा सी६ वर ठेवा. झोप पूर्ण तोडू नका.

तिसरा पर्याय, सगळ्या कोअरना एकच वेग बांधून देणं, मी फक्त सतत सगळे कोअर वापरणाऱ्या कामालाच सुचवेन. एक-कोअरचा बूस्ट त्यात हातचा जातो. तेही करायचं असेल तर सी-स्टेट चालूच ठेवा. सी६ मध्ये कोअरची वीजच तोडली जाते, मग वेग किती बांधलाय याने रिकाम्या वेळी फारसा फरक पडत नाही. लॅपटॉपवर तर ते बंद करायचा विचारच नको.

बायोस उघडण्याआधी पाच मिनिटं द्या. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के असेल तर टर्बो बंदच राहतो. ती १०० करा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (विंडोजवर वेग-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) झोपलेल्या कोअरचा 'इफेक्टिव्ह क्लॉक' अगदी कमी दिसला तर घाबरू नका, तो झोपेसकटची सरासरी दाखवतो. लिनक्सवरच्या तशाच टर्बोस्टॅटमध्येही सरासरीचा रकाना सोडून 'बिझी मेगाहर्ट्झ' वाचा. मग एकाच कोअरवर भार टाका आणि बाकीच्यांचा सी६ चा टक्का बघा. तो शून्याच्या आसपास असेल, तर त्यांना कोण उठवतंय ते पॉवरटॉप या लिनक्सच्या साधनात शोधा. टक्का भरपूर असूनही बूस्ट कमीच असेल, तर सी-स्टेटला हात न लावता तापमान, वीजमर्यादा आणि बायोसची आवृत्ती यांच्याकडे वळा.