चालू मोहिमेत नवं नियमपुस्तक आणलं: दहा महिन्यांचा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं २०२४ चं नियमपुस्तक, 'प्लेयर्स हँडबुक', आलं तेव्हा आमची मोहीम, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी एकच गोष्ट, नवव्या लेव्हलला होती. सहा खेळाडू, बहुतेक सगळे २०१४ च्या पुस्तकावर वाढलेले. मी डीएम (गोष्ट चालवणारा, राक्षस खेळवणारा आणि पंचही), म्हणजे नियमावरून वाजलं की शिव्या खायचा मान माझा.

पुस्तकाबद्दल तक्रार नाही. ३८४ पानं, मांडणी आधीपेक्षा कितीतरी सोयीची, आणि शेवटी नियमांची सूची असल्यामुळे 'ग्रॅपल' (शत्रूला धरून ठेवणं) शोधायला खेळ थांबवावा लागत नाही. नवख्याला मी डोळे झाकून हेच देईन. आमची गोची वेगळीच. खेळ पूर्ण बदलला असता तर निमूट शिकलो असतो. हा बराचसा तोच आहे, म्हणून कुणी पुस्तक उघडतच नाही.

पॅलाडिनचंच, म्हणजे दैवी शक्तीच्या योद्ध्याचंच, बघा. औषधाची कुपी बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या एकुलत्या जादा छोट्या कृतीत) प्यायची, हा आमचा घरचा नियम. नव्या पुस्तकाने तोच अधिकृत केला, टाळ्या पडल्या. पण त्याच पुस्तकात डिव्हाइन स्माइट, म्हणजे वार बसल्यावर जादा इजा करणारा त्याचा हुकमी डाव, आता स्पेल (मंत्र) झालाय आणि तोही बोनस ॲक्शन खातो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पहिल्या मोठ्या लढाईत गडी आठ हिट पॉइंटवर, म्हणजे जीव जेमतेम उरलेला. कुपी प्यायला, वार बसला, आठपैलू फासे मुठीत खुळखुळवत ओरडला, "स्माइट!" मी म्हटलं, "बाबा रे, बोनस ॲक्शन गेली." त्याने फासे न टाकता पान काढलं, वाचलं, परत वाचलं. त्या रात्री तो फारसा बोलला नाही.

फायटरची मात्र चंगळ. वेपन मास्टरीमुळे, म्हणजे शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास करामतीमुळे, 'मी मारतो' यापलीकडे त्याला काहीतरी करता येतं. फक्त 'टॉपल' (शत्रूला पाडायची करामत) वापरणारा असेल तर दर फटक्याला राक्षसाचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, मलाच टाकावा लागतो. दोन वार, दोन सेव्ह, दर टर्नला. लढाया लांबल्या.

राक्षसांचं पुस्तक २०२५ च्या फेब्रुवारीत आलं. तोवर नवे वीर आणि जुने राक्षस अशी जोडी होती, आणि माझे ओगर पाल्यापाचोळ्यासारखे उडत होते. नंतर पारडं फिरलं. लांडगा चावला, खेळाडूने सवयीने वीसपैलू फासा उचलला. मी म्हटलं, "ठेव खाली, सेव्ह नाहीये. तू पडलास." यावर झालेली आरडाओरड मी मनापासून एंजॉय केली, कबूल करतो.

खरी चूक माझी. ज्याला जे हवं ते वापरा, असं सुरुवातीला म्हणून बसलो. मग जखमा भरणारा क्युअर वून्ड्स हा स्पेल जुन्या पुस्तकावरच्या क्लेरिकच्या (धर्मगुरूच्या) हातून एका फाशाचा आणि नव्या पुस्तकावरच्या बार्डच्या (भाटाच्या) हातून दोन फाशांचा! तीन सेशन कुरबुर चालली. शेवटी ठरवलं: कॅरेक्टर जुनं चालेल, पण स्पेल आणि लढाईचे नियम सगळ्यांना नवेच. त्यानंतर टेबल शांत झालं. तुमची मोहीम वर्षभरात संपणार असेल तर मात्र मध्येच बदलू नका, पुढच्या मोहिमेला घ्या.

क्लेरिकवाली अजून जुन्याच कॅरेक्टर शीटवर आहे. खोडून खोडून हिट पॉइंटच्या चौकटीत भोक पडलंय. कॅरेक्टर मेलं की नवं घेईन म्हणते. गेल्या सेशनला शून्यावर पडलीच होती, पण बार्डने दोन फासे टाकून उठवली.