रस्त्यावरच्या शर्यतीसाठी एमटीबी : कमी खर्चातल्या बदलांचे परीक्षण

लेक बाराव्या वर्षी रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत उतरू लागली, तेव्हा घरातलीच २६ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) तिच्यासाठी बदलून घ्यायचे आम्ही ठरवले. नवी रोड बाइक पंचवीस-तीस हजारांच्या खाली क्वचितच मिळते, या उंचीला बसेल अशी लहान फ्रेम शोधत फिरावे लागते, आणि एवढे करून दोन वर्षांत मुलाला ती अपुरी पडते. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून घेतले आणि सुटे भाग व मजुरी धरून ते पाच हजारांच्या आत बसले. काम मला मनापासून आवडले; पण त्यातला प्रत्येक रुपया सारख्या मोलाचा ठरला नाही.

सर्वांत मोठा फरक टायरने पडला. मूळचे १.९५ इंची, जाड नक्षीचे टायर काढून १.५ इंची गुळगुळीत टायर आणि त्याच मापाच्या ट्यूब बसवल्या. डांबरावर नक्षीचा प्रत्येक गठ्ठा दबतो आणि पुन्हा उठतो. त्यात जाणारी ताकद लहान मुलाच्या पायांतूनच येत असते. शिवाय टायरचे वजन चाकाच्या अगदी कडेला असल्यामुळे वळणातून बाहेर पडून पुन्हा वेग घेताना हलका टायर लगेच जाणवतो. खरेदी करताना टायरच्या बाजूवर ५५९ हा रिमच्या व्यासाचा (मिलिमीटरमधला) आकडा छापलेला आहे, याची खात्री करावी, कारण २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकाच रिमला बसत नाहीत. २४ इंची एमटीबीसाठी हाच आकडा ५०७ असतो. हवेबाबतही काळजी घ्यावी. टायरवर छापलेला कमाल दाब हा भरण्याचा दाब नसतो. पस्तीस-चाळीस किलोच्या मुलाला या रुंदीत ५० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास पुरेसे होतात; त्याहून फार जास्त भरल्यास आपल्या खडबडीत रस्त्यांवर चाक उडत राहते आणि पकडही कमी होते.

मजुरीत दोन्ही चाकांचा आउट काढणे (डगमगणारे चाक सरळ करणे), हबमधले (चाकाच्या मध्यभागातले) छर्रे बदलून नवे ग्रीस भरणे आणि ब्रेक शू रिमला नीट जुळवणे एवढे आले. स्टँड, मडगार्ड आणि कॅरियर काढायला तर पैसेही लागले नाहीत.

पुढचा स्प्रिंगचा शॉकअप काढून साधा लोखंडी चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) बसवणे हा दुसरा मोठा बदल होता. स्वस्त शॉकअप अडीच किलोच्या घरात जातो, साधा चिमटा साधारण निम्म्या वजनात मिळतो. आणि चढावर उभे राहून पायडल मारताना स्प्रिंग दबण्यात जाणारा जोर वाचतो, तो वेगळाच. या टप्प्यावर कारागिराची पारख दिसली. हाताशी असलेला आखूड चिमटा त्यांनी बसवला नाही, कारण त्याने सायकल पुढून खाली बसते, हँडल अस्थिर होते आणि वळणात पायडल जमिनीला लागण्याचा धोका वाढतो. शॉकअपइतक्याच लांबीचा, व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट असलेला चिमटा त्यांनी मागवून घेतला आणि त्यासाठी आम्हाला थांबायला लावले. हे थांबणे योग्यच होते. मात्र खिशात पैसे मोजकेच असतील, तर हा बदल पुढे ढकलावा आणि टायर आधी घ्यावेत.

रोड बाइकसारखे वाकडे हँडल बसवण्याचा आग्रह मुले धरतात. तो मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या हँडलचे नेहमीचे ब्रेक लिव्हर केबल कमी ओढतात आणि व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. त्यामुळे ब्रेक नीट लागत नाही, आणि जुळणारे लिव्हर, गिअर शिफ्टर घेत गेले की बजेट कोलमडते. त्याऐवजी सरळ हँडल दोन्ही बाजूंनी कापून खांद्यांच्या रुंदीच्या जवळ आणले आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) उलटा करून ते थोडे खाली घेतले. एवढ्यावर ती पुरेशी वाकून बसते, आणि हात ब्रेकवरून हलत नाहीत. कापलेल्या टोकांना बुचे मात्र हवीतच. उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते.

गिअरला हात लावला नाही. पुढे ४२ आणि मागे १४ दातांवर या चाकाने पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे सहा मीटर अंतर कापले जाते, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांवर ताशी ३२ किलोमीटर. या वयात पाय जलद फिरवण्याची सवय लागणे जड गिअरपेक्षा फार महत्त्वाचे आहे, गुडघ्यांसाठीही. त्यामुळे पुढच्या मोठ्या दातेरी चकतीवर पैसे घालण्याचे कारण नाही.

उणिवाही आहेत. गुळगुळीत टायर काचेला आणि खडीला जुन्या टायरपेक्षा लवकर बळी पडतात, आणि डांबर संपून माती लागली की पकड सुटते. सायकल अजूनही खऱ्या रोड बाइकपेक्षा जड आहे, हे लांब चढावर दिसते. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना एक गोष्ट जरूर विचारावी : एमटीबी आणि रोड बाइक असे वेगळे गट असतील, तर बारीक टायरची ही सायकल ते कोणत्या गटात धरणार आहेत. टायर विकत घेण्याआधीच हे विचारलेले बरे.