टॉवेल कारखान्यासाठी कन्सल्टंट, पैसे वसूल
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, एक्स्पोर्ट वाढवायचं म्हणून कन्सल्टंट लावला. आधी एका फर्मने नुसता जाडजूड रिपोर्ट हातात दिलेला, तसला रिपोर्ट आता चॅटजीपीटी फुकटात काढून देतं, त्याला पैसे कोण देणार? हे सर मात्र थेट लूमपाशी आले, टॉवेल हातात घेऊन जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) विचारला, डाइंगमध्ये लॉट बदलला की शेड का बदलते ते कामगारांशी तेलुगूत बोलून शोधून काढलं (सोलापुरात हे लागतंच), मग आमचेच ऑर्डरचे आकडे एआयला देऊन कुठल्या साइजमध्ये मार्जिन जातंय ते दाखवलं. एआयने सुचवलेला एक बायर पेमेंटची चौकशी करून त्यांनीच बाद केला. फी जरा जास्त आहे, पण छोट्या कारखानदारांनी एकदा भेटाच.